मेलेले ढोर आणि मेलेले यंत्र : कचऱ्याच्या जबाबदारीचा इतिहास

१

जुनी इलेक्ट्रॉनिक उपकरणे जबाबदारीने विल्हेवाटीस द्या, असे आवाहन अलीकडे शासकीय पत्रकांतून, महाविद्यालयांच्या सूचनाफलकांवरून आणि पर्यावरणदिनाच्या भाषणांतून वारंवार केले जाते. आवाहन चांगले आहे आणि त्याला विरोध करण्याचे कोणालाही कारण नाही. पण मी इतिहासाचा अध्यापक आहे, आणि त्यातही घरातला पहिला पदवीधर आहे. त्यामुळे या वाक्यातील ‘जबाबदारी’ या शब्दापाशी मला थांबावे लागते. निकामी झालेल्या वस्तूची जबाबदारी या देशात आजवर कोणाची होती? ती कोणी ठरवली? ज्याच्यावर ती पडली त्याला तिच्या बदल्यात काय मिळाले? हे प्रश्न विचारल्याशिवाय ‘जबाबदारीने विल्हेवाट’ ही शब्दयोजना आपल्या चळवळीने जशीच्या तशी उचलू नये, असे मला वाटते.

प्रश्न आता केवळ मुंबई-पुण्याचा राहिलेला नाही. आमचा अकोले तालुका सह्याद्रीच्या कुशीतला, आदिवासीबहुल आणि पावसाचा. कळसूबाई आणि भंडारदऱ्याचे धरण यांमुळे तो बाहेरच्यांना ठाऊक असतो. त्या डोंगरातल्या वाडीवस्तीवरही मोबाइल पोचला आहे आणि शाळांतून संगणक आले आहेत. त्याबरोबर निकामी मोबाइल, चार्जर, बॅटऱ्या, ठोकळ्यासारखे जुने टीव्ही आणि बंद पडलेले संगणकही आले. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला. त्यापैकी रीतसर गोळा होऊन पुनर्प्रक्रियेला गेल्याची नोंद फक्त २२.३ टक्क्यांची आहे. भारताचा वाटा सुमारे ४१ लाख टनांचा होता. उरलेला पाऊण हिश्शाहून अधिक माल हवेत विरून जात नाही. तो कोणाच्या तरी हातांतून जातो, आणि हे हात कोणाचे हाच या लेखाचा विषय आहे.

माझे म्हणणे थोडक्यात सांगतो. आपल्या समाजाने टाकाऊ वस्तूची जबाबदारी ती वापरणाऱ्यावर कधी टाकली नाही. त्याने ती जन्मावरून वाटून दिली. ई-कचऱ्याच्या कायद्याने ही जबाबदारी वस्तू बनवणाऱ्यावर लेखी स्वरूपात टाकली आहे. सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे. मात्र तो कायदा अर्धा आहे. उरलेला अर्धा भाग पुरा करून घेण्याचे काम पर्यावरणवाद्यांइतकेच आपलेही आहे.

२

जुन्या गावगाड्यात पुनर्वापराची व्यवस्था नव्हती असे कोणी समजू नये. ती होती, आणि अत्यंत काटेकोर होती. शेतकऱ्याचा बैल मेला की महारवाड्यात सांगावा जाई. महारांनी ढोर ओढून गावाबाहेर न्यायचे, सोलायचे आणि त्याची विल्हेवाट लावायची. कातडे कोणाचे आणि मांस कोणाचे याचे रिवाज प्रांतोप्रांती वेगळे होते. कातडे पुढे ढोर आणि चांभार यांच्या हाती जाई. ढोर ते कमावत आणि चांभार त्याच्या वस्तू करीत. त्यातून मोट होई, वहाणा होत, बैलाचे जोते बांधण्याच्या वाद्या होत, ढोल आणि पखवाज मढवले जात. मेलेल्या जनावराचे काहीही फुकट जात नसे. आजच्या पर्यावरणाच्या पुस्तकात शोभावी अशीच ही रचना होती.

या रचनेतील एक गोष्ट मात्र नीट पाहिली पाहिजे. कातड्याच्या मोटेने उपसलेल्या पाण्यावर पाटलाचा मळा पिकत होता, आणि त्या पिकाला विटाळ नव्हता. चामड्याने मढवलेला पखवाज देवळात वाजत होता, आणि त्यालाही विटाळ नव्हता. वस्तू पुनर्वापराच्या साखळीतून फिरून पुन्हा शुद्ध होऊन गावात येत होती. ज्याने ते ढोर ओढले तो माणूस मात्र कायमचा अशुद्ध होता, आणि त्याच्या पोटी जन्मलेले पोरही अशुद्ध होते. कातड्याला जी मुक्ती होती ती माणसाला नव्हती.

आणि या कामाला ‘हक्क’ असे नाव होते. बेदरच्या बादशहाकडून महारांना बावन्न हक्कांची सनद मिळाली, अशी परंपरागत समजूत आहे. मेलेल्या जनावराचा हक्क त्यांतलाच एक मानला जाई. ज्याला नाकारता येत नाही त्याला हक्क म्हणणे ही भाषेची फसवणूक आहे. नाकारले तर बलुते बंद, गावबंदी आणि मारहाण. १८७४ च्या वतन कायद्याने इंग्रज सरकारनेही ही वंशपरंपरागत चाकरी कायद्याच्या चौकटीत बसवली. सरकारला राबणारी माणसे जवळजवळ फुकट मिळत होती, मग ती व्यवस्था त्याने का मोडावी? जबाबदारी पूर्ण, मोबदला अनिश्चित आणि नकाराचा अधिकार शून्य, हे या व्यवस्थेचे तीन पाय होते. पुढच्या काळातील कचऱ्याची कोणतीही व्यवस्था तपासताना हे तीन पाय शोधायचे, अशी पद्धत मी या लेखात ठेवली आहे.

३

मार्च १९२७ मध्ये महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. चवदार तळ्याच्या पाण्यामुळे ती इतिहासात अजरामर झाली. पण त्याच परिषदेत मृत मांस खाणे आणि मेलेली ढोरे ओढणे सोडावे असाही आग्रह धरला गेला, हे आपण पुष्कळदा विसरतो. पाण्याचा हक्क घेणे आणि कचऱ्याचा ‘हक्क’ टाकणे या दोन्ही गोष्टी बाबासाहेबांच्या दृष्टीने एकाच लढ्याच्या बाजू होत्या. १९२८ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले. वतने प्रत्यक्ष संपण्यास मात्र १९५८ चा कायदा यावा लागला.

या संदर्भात आमच्या शेजारच्या संगमनेरचा एक प्रसंग फार बोलका आहे. तो खुद्द बाबासाहेबांनीच धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरच्या भाषणात सांगितला. ढोरे ओढण्याचे काम सोडू नये म्हणून केसरीतून हिशेब मांडले जात होते. गावात वर्षाला इतकी जनावरे मरतात. त्यांचे कातडे, शिंगे, हाडे आणि मांस मिळून पाचशे रुपयांचे उत्पन्न होते. महारांचा पुढारी ते आपल्या लोकांना टाकायला सांगतो, असा तो हिशेब होता. संगमनेरच्या सभेला गेले असता बाबासाहेबांच्या हाती याच अर्थाची चिठ्ठी पडली. तुमचे लोक गरीब आहेत, बायकांना लुगडे नाही, शेती नाही, मग हे उत्पन्न का बुडवता? बाबासाहेबांच्या उत्तराचा आशय असा होता : हे उत्पन्न इतके चांगले आहे तर ते तुम्हीच घ्या. तुम्ही ढोरे ओढा, वर मी माझ्या पदरचे आणखी पाचशे रुपये देतो.

हे उत्तर ऐकून त्या वेळी लोक हसले असतील. पण ते केवळ हजरजबाबी उत्तर नव्हते. त्यात एक कसोटी दिली आहे. एखादे काम खरोखरच फायद्याचे आणि सन्मानाचे असेल, तर ते एकाच जातीकडे का राहते? बाकीचे लोक त्यासाठी रांग का लावत नाहीत? माणसाला फायद्यापेक्षा अब्रू मोठी असते, हे बाबासाहेबांना त्यातून सांगायचे होते. पुढे ‘कचऱ्यात सोने आहे’ असे जो कोणी म्हणेल त्याला आपण हीच संगमनेरची कसोटी लावली पाहिजे.

४

ढोरे ओढणे सुटले, पण कचरा सुटला का? याचे उत्तर शोधायला अकोले तालुक्यातून मुंबईला जावे लागते. दया पवार हे आमच्या तालुक्यातील धामणगावचे. त्यांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये आले आणि मराठी साहित्याची चौकट हलली. त्या पुस्तकाची चर्चा आत्मकथन म्हणून खूप झाली. सामाजिक इतिहासाचे साधन म्हणून मात्र ते अजून पुरेसे वाचले गेलेले नाही. नागपाड्याजवळच्या कावाखान्यात राहणाऱ्या महार बायका रस्तोरस्ती फिरून चिंध्या, कागद, फुटक्या काचा, लोखंडाचे तुकडे आणि बाटल्या वेचत असत. वेचलेला माल घरी आणून तो निवडत आणि विकत. गावातून सुटलेली माणसे शहरात आली आणि शहराने त्यांच्या हाती पुन्हा टाकलेल्या वस्तूच दिल्या. कोणी सनद दिली नव्हती, वतन नव्हते, येसकरपाळी नव्हती. तरी ज्याच्याकडे जमीन नाही, शिक्षण नाही आणि ओळखीचा साहेब नाही, त्याच्यासाठी शहरात जी दारे उघडी होती त्यांतले एक दार उकिरड्याचे होते. बलुते खेड्यात संपते असे ज्यांना वाटते त्यांनी कावाखान्याची ही पाने या दृष्टीने पुन्हा वाचावीत.

माझ्या घरची गोष्ट याहून वेगळी नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. माझ्या आज्याने तरुणपणी गावची ढोरे ओढली. दीक्षेनंतर त्याने ते काम टाकले, आणि टाकल्याबद्दल खळ्यावरचे धान्य गमावले. माझे वडील मुंबईला भंगाराच्या वखारीत हमालीला लागले. मोटारी फोडणे, तांब्याच्या तारा सोलणे, पत्रा दाबणे हे त्यांचे काम होते. वडिलांना कोणी ‘तू अमक्या जातीचा म्हणून हे कर’ असे सांगितले नव्हते. मात्र त्या वखारीत हमाली करणाऱ्यांत आपल्या किंवा मातंग समाजाची, वडारांची आणि उत्तरेकडून आलेली गरीब मुसलमान माणसेच होती, असे ते सांगत. वखारीचा मालक आणि माल विकत घेणारा व्यापारी त्यांपैकी नव्हता. बाबासाहेबांनी १९३६ मध्येच ‘जातिनिर्मूलना’च्या भाषणात सांगून ठेवले होते की जात ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे. भंगाराची वखार हे त्याचे चालतेबोलते उदाहरण होते.

५

आता नव्या कचऱ्याकडे वळू. लोखंडाच्या भंगारात आणि ई-कचऱ्यात एक मूलभूत फरक आहे. लोखंड हात कापते, पाठ मोडते, पण ते डोळ्यांना दिसते. ई-कचऱ्यातला धोका दिसत नाही. जुन्या टीव्हीच्या पिक्चर ट्यूबच्या काचेत किलो-दोन किलोपर्यंत शिसे असते. जुन्या झाळकामात शिसे असते, काही बॅटऱ्यांत कॅडमियम आणि काही सपाट पडद्यांच्या दिव्यांत पारा असतो. प्लॅस्टिक पेट घेऊ नये म्हणून त्यात घातलेली ब्रोमिनयुक्त रसायने जाळल्यावर विषारी होतात. तारेवरचे पीव्हीसी जाळले की डायॉक्सिनसारखी विषे निघतात. शिशाचे प्रमाण कितीही कमी असले तरी लहान मुलाच्या मेंदूला ते सुरक्षित नाही, हे आता वैद्यकाने मान्य केले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ई-कचरा आणि मुले या विषयावर स्वतंत्र अहवालच काढला.

त्याचबरोबर त्यात तांबे आहे, चांदी आहे, पॅलेडियम आहे आणि सोनेही आहे. खाणीतल्या टनभर दगडात जेवढे सोने सापडते त्याच्या अनेक पटींनी ते टनभर मदरबोर्डांत असते. म्हणूनच हा माल कोणी टाकून देत नाही. दिल्लीच्या सीलमपूरमध्ये तो फोडला जातो. पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या मुरादाबादमध्ये मदरबोर्ड जाळून त्यांची राख रामगंगेच्या काठी धुतली जात असे आणि त्यातून धातू वेगळा काढला जाई. आम्लाच्या टाकीत हात घालून सोने सोडवणारा माणूस दिवसाची मजुरी घेऊन घरी जातो आणि सोने सराफाकडे जाते. तेथे राबणाऱ्यांत गरीब मुसलमान कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत, त्यांत बायका आणि मुलेही असतात. तेव्हा ‘ई-कचरा म्हणजे फक्त दलितांचा प्रश्न’ असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. जातिव्यवस्थेने घडवलेली सवय आता धर्माच्या आणि प्रांताच्या सीमा ओलांडून, ज्याला नाकारता येत नाही अशा प्रत्येकापर्यंत पोचली आहे. मोटेच्या कातड्याचा न्याय इथेही चालतो. सोने शुद्ध होऊन बाजारात येते आणि विष काम करणाऱ्याच्या रक्तात राहते.

सुशिक्षितांच्या संस्था या बाबतीत किती जबाबदार असतात हे दाखवणारी एक घटना प्रत्येक प्राध्यापकाने लक्षात ठेवावी. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात १९६८ मध्ये कॅनडाहून गॅमा किरणांचे एक यंत्र आणले होते. त्यात कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी पदार्थ होता. यंत्र १९८५ पासून वापराविना पडून होते. फेब्रुवारी २०१० मध्ये विद्यापीठाने ते भंगार म्हणून लिलावात विकले. मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडले गेले. एप्रिल महिन्यात तेथील माणसांची कातडी काळी पडू लागली, केस गळू लागले. अनेकांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि एका भंगार कामगाराचा मृत्यू झाला. त्या यंत्रावर संशोधन करणारे विद्वान होते, विकणारी समिती होती, सही करणारे अधिकारी होते. आत काय आहे हे ठाऊक असणे ज्यांचे कर्तव्य होते त्यांच्यापैकी कोणी मेले नाही. ज्याला ते ठाऊक असणे शक्यच नव्हते तो मेला. माझ्या मते आपल्या देशातील कचऱ्याच्या व्यवस्थेची याहून नेमकी व्याख्या सापडणार नाही.

६

मायापुरीच्या पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये, केंद्र सरकारने ई-कचऱ्याचे पहिले स्वतंत्र नियम केले. ते १ मे २०१२ पासून लागू झाले. नंतर २०१६ चे नियम आले आणि सध्या १ एप्रिल २०२३ पासून २०२२ चे नियम अमलात आहेत. या सर्वांचा गाभा एकच आहे. ज्या कंपनीने वस्तू बनवून किंवा आणून बाजारात विकली, तिने ती वस्तू निकामी झाल्यावर तिच्या पुनर्प्रक्रियेचा भार उचलायचा. याला उत्पादकाची विस्तारित जबाबदारी म्हणतात. देशादेशांच्या पातळीवर १९८९ चा बाझल करार याच दिशेने आहे. श्रीमंत देशांनी आपला घातक कचरा गरीब देशांच्या दारात नेऊन टाकू नये, हा त्याचा हेतू. म्हणजे जगाच्या गावगाड्यातही महारवाडा होता, हे जगानेच मान्य केले म्हणायचे.

उत्पादकाच्या जबाबदारीचे तत्त्व आपल्याला क्रांतिकारक वाटले पाहिजे. मनुस्मृतीपासून वतन कायद्यापर्यंत कोणत्याही ग्रंथाने ‘ज्याचे ढोर त्याने ओढावे’ असे म्हटले नव्हते. या नियमांनी ते म्हटले आहे.

मात्र अंमलबजावणीकडे पाहिले की जुने तीन पाय पुन्हा दिसू लागतात. सध्याच्या नियमांत कंपनीने प्रत्यक्ष माल गोळा करावा असे नाही. तिने नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडून तेवढ्या वजनाची प्रमाणपत्रे विकत घेतली की तिची जबाबदारी पार पडते. २०१६ च्या नियमांत संकलन केंद्र आणि सुटे भाग वेगळे करणारा यांना स्वतंत्र स्थान होते. २०२२ च्या नियमांत नोंदणी चारांचीच आहे : निर्माता, उत्पादक, दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणारा आणि पुनर्प्रक्रिया करणारा. दारोदार फिरून माल आणणारा भंगारवाला आणि तो फोडणारी बाई या चारांत कोठेही नाहीत. या कामातल्या कामगारांची ओळख, नोंदणी, प्रशिक्षण, आरोग्य आणि सुरक्षितता यांची जबाबदारी नियमांनी राज्य शासनावर टाकली आहे, ही त्यातली जमेची बाजू. पण हे कलम आहे हे किती कामगारांना माहीत आहे? किती कामगार संघटनांना माहीत आहे? आपल्या किती कार्यकर्त्यांनी ते वाचले आहे?

७

इथे आपल्या चळवळीपुढे एक खरी अडचण उभी राहते आणि तिला बगल देऊन चालणार नाही. बाबासाहेबांनी सांगितले, हे काम टाका. मग आज आपण भंगार वेचणाऱ्यांची नोंदणी करा, त्यांना हातमोजे द्या, त्यांना दर द्या असे म्हणणे म्हणजे त्यांना त्याच उकिरड्यावर पक्के बसवणे नव्हे काय? काही मित्र हा प्रश्न पोटतिडकीने विचारतात, आणि त्यांचा प्रश्न गैर नाही.

याचे उत्तर शोधताना पुण्याचा अनुभव उपयोगी पडतो. १९९३ मध्ये तेथे डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. तिच्या सभासदांत बहुसंख्य स्त्रिया आहेत, आणि त्या मुख्यतः मातंग व बौद्ध समाजातल्या आहेत. आम्ही भिकारी नाही, चोर नाही, आम्ही शहराचे कामगार आहोत, अशी त्यांची भूमिका राहिली. त्यांनी ओळखपत्रे मिळवली, महापालिकेला ती मान्य करायला लावली, आणि २००८ मध्ये ‘स्वच्छ’ या त्यांच्या सहकारी संस्थेने घरोघरचा कचरा गोळा करण्याचा करार महापालिकेशी केला. मुलांना कचऱ्यावर न नेता शाळेत घालण्याचा आग्रहही या संघटनेने धरला.

तेव्हा दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात मांडण्याची गरज नाही. जी बाई आज चाळीस वर्षांची आहे, तिला काम सोड म्हणून सांगणारा तिला दुसरे काम देत नसेल तर त्याचा उपदेश पोकळ आहे. तिचा माल बड्या कंत्राटदाराच्या गाडीत घालून तिला रिकामे करणे ही तर उघड लूट आहे. गावगाड्यात कामाची सक्ती होती. आता त्याच माणसाकडून काम काढून घेण्याचीही सोय झाली आहे. म्हणून आजच्या कामगाराला त्या कामात पूर्ण हक्क हवेत : दर, ओळखपत्र, संरक्षक साधने, दवाखाना आणि निवृत्तिवेतन. आणि तिच्या मुलीला त्या कामातून बाहेर पडण्याचा पूर्ण हक्क हवा : शाळा, वसतिगृह आणि शिष्यवृत्ती. कामाचा हक्क आणि नकाराचा हक्क असे दोन्ही जिथे असतील तिथेच ‘हक्क’ हा शब्द खरा ठरतो. बावन्न हक्कांत नेमका दुसरा नव्हता.

‘सन्मान’ या शब्दाबाबतही सावध राहिले पाहिजे. सफाई कामगारांना सफाईचे सैनिक म्हणणे, भंगारवाल्याला पर्यावरणाचा रक्षक म्हणणे हल्ली रूढ झाले आहे. पदवीने पोट भरत नाही आणि फुफ्फुसातला धूरही निघत नाही. हे काम सन्मानाचे झाले की नाही ते ओळखायची खूण एकच आहे : त्या कामाला सर्व जातींची माणसे अर्ज करू लागली की समजावे ते सन्मानाचे झाले. ही संगमनेरचीच कसोटी आहे.

८

आता आपल्या अकोले तालुक्यापुरते, आणि तशा प्रत्येक तालुक्यापुरते बोलू. इथला माल टेम्पोवाले आणि सायकलवाले गोळा करतात. एका भंगार दुकानदाराशी बोललो तेव्हा त्याने सरळ सांगितले, “सर, लोखंड-पत्रा इथंच निवडतो. मदरबोर्ड वेगळा काढून पुढं संगमनेरला नाहीतर नाशिकला जातो. पुढं त्याचं काय होतं ते आपल्याला नाही माहीत. पिक्चर ट्यूबची काच कोणी घेत नाही, ती फोडून टाकावी लागते.” त्याच्या दुकानामागे तारा जाळल्याचा काळा डाग होता. त्या दुकानदाराला दोष देऊन मी मोकळा होणार नाही. त्याला जे कोणी सांगितले नाही ते सांगण्याचे काम शिकलेल्यांचे होते.

शिकलेल्यांच्या संस्थांत काय चालते? शाळा-महाविद्यालयांत डेडस्टॉक रजिस्टर असते. संगणक निकामी झाला की समिती बसते, निर्लेखनाचा ठराव होतो, लिलाव होतो, सर्वांत जास्त बोली लावणाऱ्याला माल जातो, रक्कम जमा होते आणि रजिस्टरात लाल रेघ ओढली जाते. एका संस्थेत मी असे पाहिले की निर्लेखन केलेले जुने मॉनिटर हलवायला सोपे जावेत म्हणून शिपायांना ते अंगणात फोडायला लावले. ते फोडणारे दोघे कोणत्या समाजाचे होते हे या पत्रिकेच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. त्यांच्या हातांत मोजे नव्हते. समितीच्या कागदावर मात्र सर्व काही नियमाप्रमाणे होते.

म्हणून मी शिक्षक, विद्यार्थी आणि कार्यकर्ते यांच्यापुढे काही साध्या गोष्टी ठेवतो. आपल्या संस्थेतले निकामी संगणक, बॅटऱ्या आणि टीव्ही सर्वाधिक बोलीच्या लिलावात न जाता नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच जावेत, आणि त्याची पावती रजिस्टराला जोडली जावी, असा आग्रह धरावा. माहितीच्या अधिकारात पंचायत समिती, नगरपंचायत, बँका आणि सहकारी संस्था यांनी गेल्या वर्षांत जुनी यंत्रे कोणाला दिली हे विचारावे. पिक्चर ट्यूब फोडू नये, तारा आणि मदरबोर्ड जाळू नयेत, बॅटरी ठोकू नये, ही माहिती भंगार दुकानांत आणि वस्त्यांत बोलीभाषेत पोचवावी. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात ई-कचरा गोळा करताना उचलण्याचे काम कोणाकडे आणि नोंदी लिहिण्याचे काम कोणाकडे जाते, हे शिक्षकाने डोळ्यांत तेल घालून पाहावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तालुक्यातील भंगार वेचणारे, फेरीवाले आणि दुकानांतले मजूर यांची यादी करून, नियमांत लिहिल्याप्रमाणे त्यांची नोंदणी, प्रशिक्षण आणि आरोग्यतपासणी करा, अशी लेखी मागणी कामगार खात्याकडे आणि जिल्हा प्रशासनाकडे करावी. मागणी लेखी असावी, कारण तोंडी मागणीचा इतिहास राहत नाही.

आपल्या आजोबा-पणजोबांनी ढोर ओढण्याचे सोडले तेव्हा त्यांच्यापाशी कायदा नव्हता, शिक्षण नव्हते, उद्याच्या भाकरीची खात्री नव्हती. तरी त्यांनी ते सोडले. आपल्यापाशी कायदा आहे, तो वाचता येतो आणि त्यावर अर्ज लिहिता येतो. ज्याने यंत्र विकून नफा घेतला आणि ज्याने ते वापरून सुख घेतले, त्यानेच त्याच्या शेवटाचा खर्च उचलला पाहिजे. त्या खर्चात कामगाराची पुरी मजुरी आणि त्याचे आरोग्य धरलेले असले पाहिजे. ते धरलेले नसेल, तर ज्याला आपण जबाबदारीने केलेली विल्हेवाट म्हणतो ते नव्या यंत्रांचे जुनेच बलुते असेल.